मदत हवी आहे: सॅलडला पाणी सुटतं आणि घरचं ड्रेसिंग मिळूनच येत नाही

नमस्कार मंडळी. गेले पंधरा-वीस दिवस दुपारी सॅलड खायचं ठरवलंय. विकतच्या ड्रेसिंगच्या बाटलीवर साखर किती ते वाचलं आणि घरीच करायला लागलो, पण दोन गोष्टी काही केल्या जमत नाहीयेत.

पहिली म्हणजे पाणी. सकाळी साडेसातला लेट्यूस, काकडी, टोमॅटो, गाजर, थोडा कांदा असं चिरून डब्यात भरतो, वरून मीठ, मिरपूड, ड्रेसिंग, सगळं हलवतो आणि झाकण लावतो. एक वाजता उघडलं की तळाला बोटभर पाणी आणि लेट्यूस म्हणजे भिजलेला कागद. रविवारी घरी केलं तर बहीण म्हणाली काटा नको, स्ट्रॉ दे.

दुसरी म्हणजे ड्रेसिंग. २ चमचे ऑलिव्ह ऑईल, २ चमचे व्हिनेगर, मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण. कितीही फेटा, दोन मिनिटांत तेल वर व्हिनेगर खाली. पहिला घास नुसता तेलकट आणि शेवटचा इतका आंबट की डोळे मिटतात. एकदा चिडून मिक्सरला लावलं, तेव्हा मस्त दाट झालं पण चव कडू. तेच तेल बाटलीतून नुसतं चाखलं तर चांगलं होतं, मग हे कडू कशाने झालं??

आणि हे एकदाच करून आठवडाभर ठेवलं तर चालतं का? लसूण घातलेली एक छोटी बाटली सध्या ओट्यावरच आहे. मेयोनीज नको, बाकी काहीही सांगा.

प्रतिसाद:
आधी ती ओट्यावरची बाटली ओतून द्या, बाकीचं नंतर वाचा. लसूण जमिनीतला, त्यावर बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू असू शकतात, आणि तेलात बुडाला की त्यांना हवी तशी बिनहवेची जागा मिळते. वासावरून, चवीवरून काही कळत नाही हीच खरी भीती. तुमच्यात व्हिनेगर आहे म्हणून धोका कमी असेल पण तेल वर साचतंय म्हणताय ना, मग कशाला भरवसा. लसूणवालं फ्रिजमध्येच, ३-४ दिवसांत संपवायचं, नाहीतर खाताना आयत्या वेळी किसून घालायचा. बिनलसणाचं फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. ऑलिव्ह ऑईल फ्रिजमध्ये थिजतं, ते बघून घाबरू नका, दहा मिनिटं बाहेर ठेवलं की पूर्ववत.

प्रतिसाद:
तेल-व्हिनेगर समसमान घेताय तिथेच घोळ आहे. ३ भाग तेल, १ भाग आंबट, लिंबू असेल तर २ ला १ पण चालतं, मग जिभेवर कमीजास्त करा. आणि क्रम महत्त्वाचा: मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून आधी बरणीत व्हिनेगर आणि मीठ, मीठ दिसेनासं होईपर्यंत हलवायचं, मग अर्धा छोटा चमचा तयार मस्टर्ड, चार थेंब मध, मग तेल. झाकण घट्ट लावून २० सेकंद जोरात हलवा. मस्टर्ड नुसतं चवीला नाही हो, मोहरीच्या सालीत जो चिकटपणा असतो तो तेलाचे थेंब एकमेकांत मिसळू देत नाही म्हणून ते धरून राहतं. कायमचं नाही, पण जेवण होईपर्यंत नक्की. वेगळं झालंच तर परत हलवायचं, त्यात काय एवढं.

प्रतिसाद:
कडूपणाचं मी सांगते, माझंही झालेलं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑईलमध्ये पॉलिफेनॉल्स नावाची कडवट द्रव्यं असतात, तेलात असताना ती फारशी जाणवत नाहीत, पण मिक्सरच्या पात्याने तेलाचे एकदम बारीक थेंब झाले की ती पाण्यात उतरतात आणि जिभेला लागतात. मिक्सरच वापरायचा असेल तर साधं बिनवासाचं तेल फिरवा आणि ऑलिव्ह शेवटी हाताने मिसळा.

प्रतिसाद:
पाण्याचं सोपंय. काकडी, लेट्यूस, टोमॅटो तिन्हींत ९४-९६ टक्के पाणीच असतं आणि तुम्ही वर साडेपाच तास मीठ लावून ठेवताय, ते बाहेर येणारच. काकडीला आधीच मीठ लावून २० मिनिटं चाळणीत ठेवा, निथळा, फडक्याने टिपा. टोमॅटोच्या बिया आणि गर काढा. ड्रेसिंग वेगळ्या डबीत. आणि व्हिनेगरनेच पानं मरतात, ते कमी करा.

प्रतिसाद:
बाकी सगळ्याला +१ पण शेवटचं वाक्य चूक. पानं तेलाने मरतात, व्हिनेगरने नाही. पानावर मेणाचा पातळ थर असतो, पाणी आणि व्हिनेगर त्यावरून घसरतं, तेल मात्र त्यातून आत शिरतं. विश्वास नसेल तर करून बघा, तीन पानं घ्या, एकाला पाणी, एकाला व्हिनेगर, एकाला तेल. म्हणून तर ड्रेसिंग नीट मिळून आलेलं हवं, तेलाच्या थेंबांभोवती व्हिनेगर राहिलं की तेल पानाला थेट लागत नाही. आणि धुतल्यावर पानं कोरडी करता का? ओल्या पानावर काहीच बसत नाही, सगळं तळाला.

धागाकर्ता:
अपडेट. सगळ्यांचे आभार, बाटली ओतून दिली.

तीन पानांचा प्रयोग खरंच केला. एकाच लेट्यूसची पानं, तीन बशा, घड्याळ लावून. दहा मिनिटांत तेलाच्या पानावर गडद हिरवे डाग पडले, आरपार दिवा दिसेल असे, काचेसारखे. व्हिनेगरचं पान उभंच्या उभं, थेंब मोत्यासारखे वर बसलेले. अर्ध्या तासाने तेलाचं पान उचललं तर बोटावर लोंबकळलं. मला आयुष्यभर उलटं वाटायचं.

पानं कोरडी करत नव्हतो, कबूल. नळाखाली धरून दोनदा झटकायचो, झालं. काल सुती फडक्यात बांधून बाल्कनीत गरागरा फिरवली, शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजू दे. मरगळलेली दिसणारी पानं आधी १५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात टाकली होती, तीही कुरकुरीत झाली. कांदा पण दहा मिनिटं गार पाण्यात, त्याचा तिखट भपका गेला.

आज डब्यात तळाला गाजर आणि ढोबळी मिरची, मग निथळलेली काकडी, सगळ्यात वर पानं, टोमॅटो छोटे अख्खे नेले म्हणजे चिरायचा प्रश्नच नाही, ड्रेसिंग वेगळ्या डबीत. एक वाजता तळाला जेमतेम चमचाभर पाणी. ड्रेसिंग ३ ला १ मला जरा तेलकट वाटलं, अडीचला १ वर थांबलोय.

एकच राहिलं. त्या जुन्या बाटलीच्या झाकणातल्या रबराला लसणाचा वास धरलाय, दोनदा साबणाने धुतलं तरी जात नाही.

प्रतिसाद:
रबर टोकदार चमच्याने बाहेर काढा, खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून रात्रभर ठेवा, धुवून उन्हात वाळवा. नाही गेला तर झाकण बदला, त्या बाटलीत उद्या मध ठेवायला जाल आणि रडाल.