रि: रि: कानाच्या मशीनचे (श्रवणयंत्राचे) ३१२ वगैरे सेल, ज्येष्ठ गटाची एकत्र ऑर्डर (शुक्रवारपर्यंत आकडा हवा!)

मंजिरी:
मंडळी, आत्तापर्यंतचा हिशोब (कार्ड म्हणजे सेलचं पाकीट, कंसात सेलच्या मापाचा नंबर): तपकिरी (३१२) १४ कार्डं, नारिंगी (१३) ६, पिवळी (१०) २. तिघांनी नुसतं "नेहमीचे" लिहिलंय. नेहमीचे म्हणजे कुठले? कार्डावरच्या स्टिकरचा रंग कळवा. आणि मागच्या ऑर्डरचे सेल दोन-तीन दिवसांतच संपले अशा चार तक्रारी आहेत. दुकान बदलायचं का?

अविनाश:
दुकान बदलण्याआधी एक करा. एकाच कार्डातले दोन सेल एकाच वेळी दोन्ही कानांत घाला. एकच कान लवकर बंद पडला तर दोष बहुधा सेलचा नाही, त्या मशीनचा. दोन्ही पडले तर सेल कुठे ठेवले होते आणि कसे घातले ते बघा. हे झिंक-एअर सेल आहेत, स्टिकर काढला की सेलवरच्या भोकांतून हवा आत जाते आणि मगच काम सुरू होतं. स्टिकर ओढून लगेच सेल घालून मशीनचं दार बंद केलं तर व्होल्टेज पूर्ण चढत नाही. भोकांची बाजू वर ठेवून पाच मिनिटं टेबलावर राहू द्या, मग घाला. मोबाईलवरचे फोन आणि टीव्ही थेट कानात ऐकणाऱ्यांचा ३१२ तीन-चार दिवसांत संपला तर त्यात बिघाड काही नाही. नुसतं ऐकणाऱ्यांचा आठवडाभर जायला हवा.

शिरीषकाका:
सेल फ्रिजमध्ये ठेवा, वर्षभर टिकतात. हे या लिस्टवर आधीही सांगितलं होतं.

अविनाश:
काका, आधीही नको म्हटलं होतं. थंड कार्ड बाहेर काढलं की त्यावर दव धरतं, ते भोकांपाशी बसलं की सेल खराब. बंद कार्ड कपाटात, घराच्या साध्या तापमानाला ठेवलं तरी दोन-तीन वर्षं टिकतं. कार्डाच्या मागे छापलेली तारीख बघून घ्या, झालं.

सुलभा:
खरा घोळ हीटरचा आहे, त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. जानेवारीत आपल्या घरांतली आर्द्रता पार खाली जाते. उघडलेल्या सेलमधलं पाणी त्याच भोकांतून उडतं आणि सेल वेळेआधी मरतो. उन्हाळ्यात उलटं, दमट हवेत तो पाणी ओढून घेतो. त्यात कहर म्हणजे काही जण मशीन सेलसकट सुकवणीच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) डबीत टाकतात. डबी मशीनसाठी आहे! रात्री सेल काढून बाहेर ठेवा, दार उघडं ठेवून फक्त मशीन डबीत. नारिंगी दाणे हिरवे झाले की डबी काम करत नाही, पाकिटावर लिहिलंय तसे तापवून कोरडे करा.

शिरीषकाका:
मग रात्री स्टिकर परत चिकटवला तर?

सुलभा:
फारसा उपयोग नाही. एकदा हवा आत गेली की रसायन चालू राहतं. दार उघडं ठेवल्याने मशीन वीज खात नाही, एवढंच वाचतं.

प्रसाद:
सगळ्यांनी रिचार्जेबल मशीन घेतली तर ही ऑर्डरच लागणार नाही.

अविनाश:
आणि पुण्याला दोन महिने गेलेल्या आजींचा चार्जर बिघडला की? त्यातली लिथियम बॅटरी चार-पाच वर्षांनी थकते, आणि बऱ्याच मशीनमध्ये ती घरी बदलता येत नाही. ज्यांची बोटं थरथरतात त्यांच्यासाठी मात्र उत्तमच. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा. भारतात पिनेचा अडॅप्टर पुरतो, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. सुटे सेल विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, मूळ कार्डातच. पर्समध्ये किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटे टाकले की आपसात शॉर्ट होतात.

नंदिनी (खजिनदार):
बिलाचं काय? ऑर्डर मंडळाच्या क्रेडिट कार्डावर गेली तर बिल एकच येतं. ज्यांना हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमधून (आपल्या इथलं, अमेरिकेतलं, उपचारखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) पैसे घ्यायचेत त्यांना स्वतःच्या नावाची पावती लागते. मागच्या वेळी शेवटी मलाच पावत्या तोडून द्याव्या लागल्या.

मंजिरी:
नंदिनी, सेलची ऑर्डर ज्येष्ठ समितीची आहे, पावत्याही समितीच बघेल. ज्यांना स्वतंत्र पावती हवी त्यांनी आपली कार्डं आपणच मागवा, आकडा मी वजा करते.

सुलभा:
मेणाचे (कानातला मळ अडवणारे) फिल्टर या ऑर्डरमध्ये घेऊ नका. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, चुकीचा रेटून बसवला तर रिसीव्हरमध्येच (मशीनच्या आवाज सोडणाऱ्या भागात) अडकतो. कानात बसणाऱ्या रबरी टोप्यांचंही तेच, माप वेगळं. सेलच्या खाचेतले पत्रे कोरड्या इअरबडने पुसा, स्पिरिट नको. आणि वापरलेले सेल औषधाच्या गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवू नका, आकार सारखाच दिसतो. नातवंडं असतील तर झाकणाच्या बरणीत आणि उंचावर. कोणी गिळला तर वाट बघू नका, लगेच इमर्जन्सीला.

मंजिरी:
"नेहमीचे"वाल्यांपैकी दोघांचं उत्तर आलं, दोघांचेही निळे (६७५).

अविनाश:
थांबा, निळ्यात दोन प्रकार आहेत. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्रासाठी) जास्त विजेचे वेगळे ६७५ मिळतात, कार्डावर 'इम्प्लांट' किंवा 'सीआय' लिहिलेलं असतं. इम्प्लांटमध्ये साधा ६७५ घातला तर तेवढा प्रवाह देताना दबतो आणि मशीन मध्येच बंद होतं. दोघांपैकी इम्प्लांट कोणाला आहे?

मंजिरी:
एकाला. त्यांना रात्री फोन करून कार्डाचा फोटो मागवते. तोवर ६७५ थांबवलेत, बाकी ऑर्डर शुक्रवारी सकाळी ९ ला जाईल. तिसऱ्यांचा रंग अजून आलेला नाही.