बॅशआरसीतला एलडी_लायब्ररी_पाथ काढून टाका

बिनतारी:
लिनक्सवर प्रोग्रामला लागणारी लायब्ररी सापडली नाही की येणारी "शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही" ही एरर कुणी टाकली की उत्तर ठरलेलं: बॅशआरसीत (शेल उघडताना वाचली जाणारी सेटिंग फाइल) एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) टाक. हा सल्ला बंद व्हायलाच हवा. जीसीसी कंपायलरला लायब्ररीचा फोल्डर सांगणारा डॅश कॅपिटल एल फक्त लिंकरसाठी (प्रोग्राम बनवताना तुकडे जोडणारा) असतो, तो पत्ता बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्राम फाइलमध्ये, उतरत नाही. म्हणून लिंक बिनबोभाट होते आणि प्रोग्राम चालवायला गेलं की लोडर (चालवताना लायब्ररी शोधून जोडणारा) हात वर करतो. पत्ता बायनरीतच लिहायला आरपाथ आहे. त्यात डॉलर-ओरिजिन, म्हणजे "बायनरी असेल तो फोल्डर", दिलं की फोल्डर कुठेही हलवा, बायनरी शेजारची लायब्ररी शोधून घेते.

बॅशआरसीतला पाथ मात्र त्या शेलमधून सुटणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागतो. एका प्रोजेक्टसाठी ठेवलेली जुनी ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) डाउनलोड करणाऱ्या कर्लच्याही गळ्यात पडते. आणि सगळे डकवतात ती ओळ नीट बघा: नवा फोल्डर, कोलन, मग जुनी व्हॅल्यू. जुनी व्हॅल्यू रिकामी असली की कोलनपुढे काहीच उरत नाही आणि लोडर त्याचा अर्थ "चालू फोल्डर" असा घेतो. सगळ्यांना लिहिता येणाऱ्या /टीएमपी फोल्डरमध्ये उभं राहून कमांड दिली, तर तिथे कुणीही टाकलेली लायब्ररी उचलली जाऊ शकते.

क्लस्टरकर:
सोर्स हातात असेल तर ठीक. क्लस्टरवर (अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या संगणकांवर) रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, नसतो, विकतचा सॉल्व्हर (गणितं सोडवणारा प्रोग्राम) नुसता बायनरी मिळतो. मॉड्यूल (क्लस्टरवर हवं ते सॉफ्टवेअर चालू-बंद करायची सोय) लोड केलं तरी आत बहुधा हेच व्हेरिएबल बदलतं. एकच बायनरी ओपनब्लास या गणिती लायब्ररीच्या दोन बिल्डवर तपासायची तर कमांडच्या आधी पाथ लिहिला की झालं. जुना आरपाथ तर व्हेरिएबलच्याही आधी वाचला जातो. त्यात कुणी स्वतःच्या होम फोल्डरचा पत्ता कोरला असेल, तर बाकीच्यांनी काय करायचं?

बिनतारी:
कमांडपुरता पाथ द्या की, माझी हरकत बॅशआरसीला आहे. शिवाय उबुंटूचा लिंकर आता आरपाथऐवजी रनपाथ (त्याचाच नवा प्रकार) लिहितो आणि त्याचा नंबर व्हेरिएबलनंतर लागतो. तुमची ओपनब्लासची तपासणी अडत नाही. चुकीचा पत्ता पॅचएल्फ या टूलने सोर्सशिवायही बदलता येतो.

दगडफूल:
रनपाथ फक्त थेट लागणाऱ्या लायब्ररींना चालतो, हे का गाळलं? प्रोग्रामला 'अ' लागते, 'अ'ला 'ब'. 'ब' शोधताना प्रोग्रामचा रनपाथ बघितलाच जात नाही. आमची मंडळी इथेच तासन्‌तास अडकतात. सर्व्हरवर मी व्हेरिएबल आणि आरपाथ दोन्ही टाळतो: एलडी.एसओ.कॉन्फ.डी फोल्डरमध्ये लायब्ररीचा पत्ता लिहिलेली एक फाइल टाकायची आणि एलडीकॉन्फिग चालवायचं, की तो पत्ता सगळ्या सिस्टिमला कळतो. डेबियन या लिनक्सची पॉलिसीही गरज नसताना आरपाथ नको म्हणते.

बिनतारी:
डेबियन सगळं सिस्टिमच्या ठरलेल्या फोल्डरांत ठेवते, म्हणून तिला ते परवडतं. निक्सओएस (आणखी एक लिनक्स) आणि स्पॅक (क्लस्टरवरचा पॅकेज मॅनेजर) एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतात आणि दोघंही आरपाथवरच भिस्त ठेवतात. 'अ'ला स्वतःचा रनपाथ हवा हे मान्य, तो बिल्ड करतानाच द्यायचा.

क्लस्टरकर:
'अ' मी बिल्ड केलेली नाही हो! पॅचएल्फ लावलेल्या बायनरीची तक्रार आमचे सपोर्टवाले ऐकूनही घेत नाहीत. मॉड्यूल अनलोड केलं की माझा पाथ जातो, मला तेवढं पुरतं.