प्रतिसाद : सौरज्वाला आणि चुंबकीय पीळ
सौरज्वाला म्हणजे सूर्याची उष्णता वाढून उठलेला भडका आणि त्यामुळेच विदर्भात ऊन वाढते, हे म्हणणे मला पटले नाही. सूर्य विषुववृत्तापाशी सुमारे २५ दिवसांत, तर ध्रुवांजवळ सुमारे ३५ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याच्या चुंबकीय रेषांना, म्हणजे चुंबकत्वाची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषांना, पीळ पडतो. पोळ्याआधी ओसरीवर अंबाडीचा दोर वळताना पीळ जास्त झाला की दोर मध्येच आढी घेऊन वर उठतो. तशाच या रेषा कमानीसारख्या पृष्ठभागाबाहेर येतात आणि त्यांच्या बुडाशी सौरडाग, म्हणजे सूर्यावरचे काळसर डाग, दिसतात. दोराची उपमा मात्र इथेच संपते, कारण विरुद्ध दिशेच्या रेषा भिडल्या की त्या तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत क्ष-किरणांसह बाहेर पडते; हीच सौरज्वाला. तिने पृथ्वीवरचा रेडिओसंपर्क बिघडतो. आपले मे महिन्याचे ऊन मात्र तिने वाढत नाही.