आठवड्याला अर्ध्या दिवसाची भटकंती की घरातली निवांत सकाळ? मनाला विसावा नक्की कशाने मिळतो?

टेकडीकर (पुणे)

वर्षभर राबायचं आणि दिवाळीत नाहीतर मे महिन्यात आठ दिवसांची मोठी ट्रिप काढायची, हा आपल्याकडचा रिवाज मनाच्या दृष्टीने तोट्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी आठवड्याला एक छोटी भटकंती हवी. घरापासून तास-सव्वा तासात पोचता येईल आणि दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल, इतकीच.

२०१० मध्ये नेदरलँड्समधल्या सुमारे दीड हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सुट्टीवर निघणारी माणसं निघण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होती. परत आल्यावर मात्र, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली ते सोडले, तर जाऊन आलेले आणि घरी राहिलेले यांच्यात फरक उरला नव्हता. आनंदाचा मोठा वाटा वाट बघण्यातच होता. मग वर्षातून एकदाच वाट बघायची कशाला? दर आठवड्याला बघू की.

पुणेकरांसाठी एक उदाहरण. लोणावळा लोकलने सकाळी मळवलीला उतरा. एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तिथून पायऱ्या चढल्या की लेणी. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. त्या बघायच्या, पलीकडच्या चौदा स्तूपांपाशी शांत बसायचं आणि परत फिरायचं. एवढंच. बेत फसतो तो तिथून पुढे. 'आलोच आहोत तर' म्हणून लोहगड, मग कार्ला, मग लोणावळ्याची चिक्की. संध्याकाळी घरी येईपर्यंत पाय तुटलेले आणि घरात भांडण. एक सकाळ, एक ठिकाण, हा नियम मोडू नका. दुपारी लोकल कमी असतात, म्हणून परतीची गाडी घरूनच ठरवून निघा. ती चुकली तर सगळा हिशेब कोसळतो.

---

निवांत_सकाळ

टेकडीकर, वाट बघण्याचा मुद्दा बरोबर आहे. पण तुमची अख्खी मांडणी झोप पूर्ण झालेल्या माणसासाठी आहे. सोमवार ते शनिवार सहा तासांवर ढकलणाऱ्या माणसाला रविवारी पाचचा गजर लावायला सांगणं हा विसावा नव्हे. तो आठवड्यातला सातवा कामाचा दिवस झाला.

आधी घर सावरा. रोज उठायची वेळ एकच ठेवा, रविवारी फार तर तासभर पुढे. झोपायची वेळ मागेपुढे झाली तरी चालेल, उठायची सांभाळली की झोपायची आपोआप जागेवर येते. शेवटचा चहा दुपारी चारच्या आत. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच तासांनंतरही शरीरात असतं, त्यामुळे सात वाजताचा कडक चहा मध्यरात्रीपर्यंत पुरतो. फोन उशाशी नको, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

आणि आठवड्यातून एकदा अभ्यंग करा. दिवाळीपुरतं कशाला ठेवायचं? तिळाचं तेल एका माणसाला ३० ते ४० मिली पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट गॅसवर नको, तेल पटकन तापतं आणि कातडी भाजते. हातापायांवर लांब, सांध्यांवर गोल हात फिरवा. पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग बेसन किंवा उटणं लावून कोमट पाण्याने अंघोळ. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, न्हाणीघराची फरशी. आपल्यानंतर जाणारं माणूस घसरतं, म्हणून ती साबणाच्या गरम पाण्याने लगेच घासायची. दुसरी, टॉवेल. अंगाला तेल राहतंच, म्हणून एक जुना पंचा त्यासाठी वेगळा ठेवा. नाहीतर सगळ्या टॉवेलांना खवट वास लागतो.

या सगळ्याला तिकीट लागत नाही, गाडी चुकत नाही.

---

पोळपाट

तुम्ही दोघंही वेळ आहे असं धरून चालला आहात. कुणाचा वेळ?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ आहेत. पाच वर्षांत बाईची जेमतेम दहा मिनिटं सुटली, आणि पुरुषाचीही नऊ कमी झाली.

आता टेकडीकर दादांची मळवलीची सकाळ मांडून बघा. साडेसहाची गाडी पकडायची तर ती साडेचारला उठणार. डबा, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, मागे राहणाऱ्यांचा स्वयंपाक. दुपारी परत आल्यावर सगळे आडवे होणार आणि ती कुकर लावणार. संध्याकाळी डबे घासायचे, चिखलाचे बूट धुवायचे. सहल बाकीच्यांची झाली.

अभ्यंगाचंही तेच आहे. तेल कोमट कोण करतं? तेलकट पंचा गरम पाण्यात सोडा घालून कोण भिजवतं?

त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्न माझ्या मते दुसरा. त्या दिवशी कुठली कामं होणारच नाहीत आणि उरलेली कोण करणार, हे आदल्या रात्री नावानिशी ठरवणं पहिलं.

---

टेकडीकर (पुणे)

ताई, हा मुद्दा मूळ मजकुरात यायला हवा होता. मान्य. मात्र यावर उपाय सहल रद्द करणं नसून डबा रद्द करणं आहे.

चार तासांच्या भटकंतीला स्वयंपाक लागतच नाही. माणशी दोन केळी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा, राजगिऱ्याची वडी, खाकरा. सगळं दुकानातून आदल्या दिवशी आणता येतं. केळी थोडी कच्चट घ्या आणि स्टीलच्या डब्यात ठेवा, पिशवीत तळाशी गेली की काळी पडतात. दहीभात नेऊ नका, उन्हाच्या दिवसांत अकरापर्यंत आंबतो. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर पाणी सोडते आणि झाकणातून गळते. पाणी माणशी अर्धा लिटर, मार्च ते मे एक लिटर, आणि ज्याची बाटली त्यानेच भरायची आणि उचलायची. परतल्यावर जेवण बाहेरून, किंवा आदल्या रात्रीची फोडणीची पोळी.

घरच्या बाईने एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर निघावं, हेही त्यात आलंच. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. स्वारगेटहून भोरच्या गाडीने नसरापूर फाट्याला उतरून बनेश्वरला जाऊन यायचं म्हटलं तरी खर्च किरकोळ होतो.

---

पोळपाट

डबा सुटला तर दीड तास सुटला, हे खरं. फोडणीची पोळी मात्र कुणीतरी फोडणीला टाकणारच ना? तेही नाव लिहा.

---

कल्याण_लोकल

पुण्याचं गणित मुंबईकडे लावू नका. जो माणूस आठवड्याचे सहा दिवस रोज तीन तास लोकलमध्ये उभा असतो, त्याला रविवारी परत फलाटावर नेणं ही शिक्षा आहे. शिवाय मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक. साडेदहा-अकराच्या पुढे निघालात तर गाड्या उशिरा, जलद गाड्या धीम्या मार्गावर, आणि पोरं रडकुंडीला.

तरीही जायचं असेल तर दोन गोष्टी पाळा. निघायचं ते गर्दीच्या उलट दिशेने. कल्याणहून सकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसायला खिडकी मिळते. टिटवाळा तिसरं स्टेशन, गणपतीचं देऊळ आणि काळू नदी. फक्त मंगळवार आणि संकष्टी टाळा, दर्शनाच्या रांगेतच सकाळ जाते. दुसरं, बंद असण्याचे वार पाठ ठेवा. राणीची बाग बुधवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी सोमवारी बंद, घारापुरीही सोमवारी बंद. ज्यांची साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मध्ये असते, ते नेमके इथे फसतात. आणखी एक. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. तिथे पोचलो म्हणजे लेण्यात पोचलो असं समजून लहान मुलांना चालवत नेऊ नका.

माझं मत विचाराल तर निवांत_सकाळ यांच्या बाजूने. लोकलवाल्यांनी महिन्यातून एक रविवार बाहेर काढावा, बाकीचे तीन झोपेला द्यावेत.

---

फिजिओ_नाशिक

इथे टेकडी, पायऱ्या हे शब्द फार सहज येत आहेत, म्हणून लिहिते. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर खरा भार उतरताना येतो, कारण मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन आवरत असतो. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस एका रविवारी पांडवलेणी किंवा पर्वतीच्या १०३ पायऱ्या उत्साहात चढतो आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरतो. मग 'आपल्याला हे झेपत नाही' म्हणून कायमचं सोडून देतो. चूक टेकडीची नसते, तयारीची असते.

तीन-चार आठवडे आधी घरी एवढं करा: हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि हळू बसणं, दहा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. बसताना मनात तीनपर्यंत मोजा, धपकन बसल्याने काही होत नाही. पहिल्या दोन भटकंत्या सपाट रस्त्यावरच्या ठेवा. एक गुडघा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

निवांत_सकाळ, तुमच्या यादीत पाय शेकणं नाही, पण लोक ते करतातच, म्हणून सांगते. मधुमेह असलेल्यांनी पाय थेट गरम पाण्यात घालू नयेत. तळव्यांची संवेदना कमी झालेली असते, पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघावं, पाणी कोमटच असावं, आणि नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात.

---

निवांत_सकाळ

ताई, पाय शेकण्याबद्दल आभार, ही सूचना घराघरात पोचायला हवी.

टेकडीकर, तुमच्याच बाजूचा एक अभ्यास तुमच्या विरुद्ध मांडतो. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत असं सांगणारे जास्त निघाले. पण ती १२० मिनिटं एका दमात घालवली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. म्हणजे रोज संध्याकाळी सोसायटीच्या बागेत वीस मिनिटं बसलं तरी आठवड्याचा हिशेब पुरा होतो. रविवारची गाडी कशाला?

---

टेकडीकर (पुणे)

अभ्यास बरोबर सांगितलात, पण तो संबंध दाखवतो, कारण नव्हे. ज्यांची तब्येत मुळात बरी असते ती माणसं बाहेर जास्त पडतात, हेही त्यात असू शकतं. तेवढीच सावधगिरी माझ्या नेदरलँड्सच्या आकड्यांनाही लागू आहे.

रोजची वीस मिनिटं मी नाकारत नाही. माझी हरकत एवढीच आहे की घराजवळची बाग आपल्याला हाक मारायच्या अंतरावर असते. फोन येतो, दूधवाला येतो, 'जरा वर या' होतं. तीन तास कुणाच्याही हाकेच्या पलीकडे असणं हे वेगळं औषध आहे, आणि पोळपाट ताईंनी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना तर ते जास्तच लागतं.

---

फिजिओ_नाशिक

एक गोष्ट राहू नये. सलग दोन आठवडे मन उदास आहे, आवडत्या गोष्टीत रस उरला नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, असं असेल तर ना तेल पुरेल, ना टेकडी. डॉक्टरांना भेटा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. अशा माणसाला घरच्यांनी 'चल, फिरून येऊ, बरं वाटेल' म्हणून ओढू नये. 'मी खालपर्यंत चाललोय, दहा मिनिटं येतेस का?' इतकं छोटं विचारावं, आणि नाही म्हटलं तर उद्या परत विचारावं.

---

पोळपाट

टेकडीकर दादा, 'हाकेच्या पलीकडे' हे पटलं. मग येत्या रविवारपुरतं असं लिहा: तिची सकाळ ६ ते १०, फोन बंद. मुलांचा नाश्ता आणि दूध तापवणं नवऱ्याकडे. दुपारचं जेवण बाहेरून, मागवायचं काम मोठ्या मुलाकडे. भांडी संध्याकाळपर्यंत पडली तरी चालतील, पण ती आल्यावर तिने घासायची नाहीत. आणि जूनमध्ये हे मांडाल तेव्हा भाज्याचा धबधबा वगळा. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा मिनिटांत येतो. लेणी बघा आणि पाण्यात न उतरता मागे फिरा.

---

कल्याण_लोकल

नवऱ्याकडे दूध तापवणं दिलंत, तर त्याला पातेल्यात आधी दोन चमचे पाणी घालायला सांगा. खाली लागत नाही, घासायचं काम कमी.