सर्व्हरवर कोणी किती जागा खाल्ली याची यादी दारावर लावावी का?

सर्व्हरवाला_भाऊ:
आमच्या डिपार्टमेंटचा एक लिनक्स सर्व्हर आहे, होमसाठी (म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या फोल्डरसाठी) 8 टीबीची डिस्क आणि वापरणारी 35 पोरं. दर सेमिस्टरला डिस्क गच्च भरते, मग मी मेल टाकतो की बाबांनो नको त्या फाइली उडवा, आणि एकही जण हलत नाही कारण प्रत्येकाला वाटतं कचरा दुसऱ्याचाच. गेल्या महिन्यापासून दर सोमवारी डीयू (कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते मोजणारी कमांड) चालवून नावानिशी यादी लॅबच्या दारावर चिकटवतो, जास्त खाणारा सगळ्यात वर. पहिल्याच आठवड्यात सव्वा टीबी मोकळी झाली राव! लाज वाटल्याशिवाय कोणी स्वतःचं डाउनलोड फोल्डर उघडून बघत नाही. पटतंय का?

थिसिसवाली:
अजिबात नाही. आमच्याकडे असंच झालं होतं, माझं नाव पहिलं, 900 जीबी. का, तर सर म्हणाले म्हणून अख्ख्या ग्रुपचा डेटासेट मी माझ्या होममध्ये उतरवला, वापरणारे सात जण आणि बदनाम मी एकटी. ज्युनियर पोरं येताजाता "ताई, पोट भरलं का?" चोर सोडून संन्याशाला फाशी दुसरं काय.

रिटायर्ड_रूट:
अहो भाऊ, यादी कशाला, कोटा लावा की, म्हणजे प्रत्येकाला जागेची मर्यादा. 1983 साली बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही सोय आली, तेव्हा तुमची पोरं जन्मलीपण नव्हती. डीयू एकेक फाइल मोजत फिरतं, लाखो बारक्या फाइली असल्या की तासन्‌तास डिस्क दळत बसते. कोट्यात फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) स्वतःच हिशोब ठेवते, रेपकोटा ही कमांड मारली की उत्तर हजर.

रात्रपाळी:
कोटा नको हो हात जोडतो. माझं चार दिवसांचं सिम्युलेशन पहाटे 3 वाजता हार्ड लिमिटला (कोट्याची शेवटची हद्द, तिच्यापुढे लिहिताच येत नाही) धडकलं, आउटपुट फाइल अर्धी आणि सकाळी मी चहाचा कप हातात घेऊन स्क्रीनकडे बघत बसलो. बाजूला डिस्कवर दोन टीबी रिकामी होती! यादी परवडली, निदान ती जॉब तरी मारत नाही.

रिटायर्ड_रूट:
@रात्रपाळी तो कोट्याचा दोष नाही, लावणाऱ्याचा. सॉफ्ट लिमिट (इशाऱ्याची हद्द) 150 जीबी आणि हार्ड 300 ठेवा, सॉफ्ट ओलांडली तरी सहसा 7 दिवस लिहिता येतं, तेवढ्यात माणूस आवरतो. आणि डिस्क पूर्ण भरली की एकाचा नाही, 35 जणांचा जॉब मरतो.

थिसिसवाली:
पण काका कोटासुद्धा फाइलचा मालकच बघतो ना? मी डेटासेट कॉमन फोल्डरमध्ये हलवला तरी मालक मीच, म्हणजे बिल परत माझ्याच नावावर.

रिटायर्ड_रूट:
बरोबर पकडलंस बाळ. त्यासाठी एक्सएफएस या फाइल सिस्टीममध्ये प्रोजेक्ट कोटा असतो, तो मालकाकडे न बघता फोल्डरप्रमाणे मोजतो. ग्रुपचं फोल्डर, ग्रुपचा हिशोब.

सर्व्हरवाला_भाऊ:
हे सगळं खरं काका पण कोटा लावायचा तर एचओडींची सही लागते, कागदाला काय एक सेलोटेप पुरतो. यादी चालूच राहणार.

पण_का:
भाऊ एक शंका, तुझ्या यादीची बेरीज किती येते आणि डीएफ (अख्खी डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) किती दाखवतं?

सर्व्हरवाला_भाऊ:
बेरीज 5.2 टीबी, डीएफ म्हणतं 6.9. डिलीट केलेली लॉग फाइल एखाद्या प्रोसेसने उघडी धरून ठेवली असेल (तोवर जागा सुटत नाही) म्हणून एलएसओएफ, म्हणजे उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड, लावून बघितलं, 40 जीबी सापडली फक्त. बाकीचं कळत नाही.

पण_का:
तुझी स्क्रिप्ट चालू युजरांच्याच होमवर फिरते ना? पास होऊन गेलेल्यांचे अकाउंट उडवलेस तेव्हा त्यांचे फोल्डरपण उडवलेस का?

सर्व्हरवाला_भाऊ:
...थांब बघतो.

सर्व्हरवाला_भाऊ:
बघितलं. मालकाच्या जागी नाव नाही, नुसता आकडा 1047, उडवलेल्या अकाउंटचा युजर नंबर. एकट्याचे 1.3 टीबी, 2019 पासून पडून आहेत.

थिसिसवाली:
😂 लाव आता 1047 ला दारावर. आणि सांभाळ, नव्या पोराला चुकून तोच नंबर मिळाला तर त्या सगळ्या फाइलींचा मालक तो होईल.

सर्व्हरवाला_भाऊ:
यादी आत्ताच काढून आलो. सेलोटेपने दाराचा रंग निघाला ते वेगळंच.