अली शरियतींवर इराणच्या १९७९च्या इस्लामी क्रांतीचं खापर फोडणं योग्य आहे का?

वाटसरू: इराणच्या शाहविरुद्ध १९७८-७९ मध्ये तेहरानमध्ये निघालेल्या मोर्चांत क्रांतीचे नेते मौलवी खोमेनी यांच्या फोटोशेजारी विचारवंत अली शरियतींचाही फोटो असायचा. ते स्वतः मात्र जून १९७७ मध्येच साउदॅम्प्टनला वारले होते, वय ४३. तरी इस्लामी राजवटीचं खापर त्यांच्यावर फुटतं, हा मला सरळ अन्याय वाटतो. हा माणूस मुल्लांशीच भांडत राहिला! इराणच्या सफवी राजघराण्याच्या काळात दरबारी झालेला ‘काळा’ शिया पंथ वेगळा आणि अन्यायाविरुद्ध उभा राहणारा, शियांचे पहिले इमाम अली यांचा ‘लाल’ शिया पंथ वेगळा, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. मग ते धर्मसत्तेचे जनक कसे?

गोदाकाठ: साफ असहमत. शरियतींची ‘उम्मत व इमामत’ (समाज आणि नेतृत्व) ही व्याख्यानं वाचा. नुकतीच क्रांती झालेल्या समाजात मतपेटीवर विसंबू नये, मतं विकत घेता येतात, लोक तयार होईपर्यंत क्रांतिकारी नेतृत्वाने त्यांना घडवावं, असं ते मांडतात. लोक तयार झाले हे ठरवणार कोण? नेता हटेना तर काय? यावर भरवशाचं उत्तर मिळत नाही. पुढे त्याच रिकाम्या जागेवर फकीह, म्हणजे धर्मशास्त्र जाणणारा मौलवी, येऊन बसला.

वाटसरू: ती कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेनंतर नवस्वतंत्र देशांत ती हवेतच होती, इंडोनेशियाच्या सुकार्नोंनी तर राबवलीही. शिवाय नेता मौलवीच हवा, हा खोमेनींचा इराकमधल्या नजफ शहरात १९७० मध्ये मांडलेला सिद्धांत, शरियतींचा नाही.

गोदाकाठ: हवेत होती म्हणून तिचा धोका कमी होत नाही. विचारवंताने हवेच्या विरुद्ध विचार करायला हवा.

सांजवेळ: दोघेही ग्रंथांवर भांडताय, त्यांच्या श्रोत्यांकडेही बघा. तेहरानच्या हुसैनिया इर्शाद या धार्मिक संस्थेत त्यांची व्याख्यानं ऐकायला विद्यार्थी गर्दी करायचे, भाषणांच्या टेप हातोहात फिरायच्या. शाहने १९७२ मध्ये ती संस्था बंद पाडली, पुढे शरियतींना दीड वर्ष तुरुंगात डांबलं. कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींना लाज न वाटता मिरवता येईल असा धर्म त्यांनी दिला. करबला, म्हणजे इमाम हुसैन जिथे शहीद झाले ती लढाई, हे नुसतं छाती पिटून रडणं नाही, आज उठून उभं राहणं आहे, हे ऐकून ती पोरं रस्त्यावर उतरली. पण शाह गेल्यावर न्यायालय, संसद, वृत्तपत्रं कशी चालवायची याचा आराखडा त्यांच्याकडे नव्हता. मशिदींचं जाळं मात्र मौलवींकडे तयार होतं. म्हणून माझ्या मते ते गुन्हेगार नाहीत, पण निर्दोषही नाहीत.

गोदाकाठ: ‘निर्दोष नाहीत’ एवढं मान्य असेल, तर आपला वाद फक्त दोष किती, एवढाच उरला.

वाटसरू: मला तेही मान्य नाही. हयात नसलेल्या माणसाचा फोटो मोर्चात कुणी धरावा, हे त्याच्या हातात नसतं.