मलेशियातले चिनी आणि भारतीय: "दोघेही रिकाम्या हाताने गेले" हे अर्धंच खरं

हिशेबनीस
'सरळरेघ' यांचं कालचं लिखाण वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मलेशियात चिनी आणि भारतीय दोघेही इंग्रजांच्या काळात मजूर म्हणून गेले, भूमिपुत्रांच्या (मलय आणि इतर मूळ रहिवाशांच्या) सवलती दोघांनाही नाहीत, तरी चिनी पेढीवर बसले आणि भारतीय मळ्यातच राहिले. कारण काय, तर ताडी आणि बचतीची सवय नसणं.

आधी आकडे बघा. १९७० साली कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न चिनी ३९४, भारतीय ३०४, मलय १७२ होतं. २०१९ ला चिनी ९,८९५ रिंगिट, भारतीय ८,२१६, भूमिपुत्र ७,०९३. म्हणजे चिनी घरात १०० येत होते तेव्हा भारतीय घरात ७७ येत होते, २०१९ ला ८३. उत्पन्नात भारतीय मागे पडलेले नाहीत, थोडे जवळच आलेत.

दरी आहे ती मालकीत. कंपन्यांच्या भागभांडवलात १९७० साली चिन्यांचा वाटा २७.२ टक्के, भारतीयांचा १.१. मलय लोकांचा वाटा वाढवण्यासाठीचं नवं आर्थिक धोरण १९७१ ला आलं, त्याची मुदत १९९० ला संपली, तेव्हा चिनी ४५.५ टक्क्यांवर आणि भारतीय १.० वर. पगार वाढला, मालकी हलली नाही. चर्चा करायची तर हे का झालं याची करा. ताडीवर खापर फोडून प्रश्न सुटत नाही.

रबरमळ्यावर घर मळ्याचं, नळ मळ्याचा, दवाखाना, शाळा, दुकान, देवळाखालची जागासुद्धा मळ्याची. कामावरून काढलं की एका दिवसात हे सगळं जातं. मजूर आणणारा कंगाणी म्हणजे आपला मुकादमच. गावाकडून माणसं आणल्याचे पैसे वेगळे आणि रोज जेवढी माणसं कामावर हजर तेवढे सेंट वेगळे. माणूस मळा सोडून जाऊ नये यात त्याचा रोजचा फायदा होता. पेराक राज्यातल्या किंता खोऱ्यातला चिनी कथील-मजूर अफूच्या आणि दुकानाच्या उधारीत तितकाच बुडालेला असे, हे मान्य. पण शेजारच्या खाणीला माणसं हवीच असायची, आणि बऱ्याच खाणींत मजुरी ठरलेली नसून निघालेल्या कथिलात वाटा असे.

सरळरेघ
भारतीय 'आळशी' असं मी कुठेही लिहिलेलं नाही, माझ्या लिखाणातून तसा अर्थ काढू नका.

जखडलेपणाचंच सांगायचं तर चिन्यांचंही पूर्ण सांगा. १९५० पासून, कम्युनिस्ट बंडखोरांना रसद मिळू नये म्हणून इंग्रजांनी आखलेल्या ब्रिग्स योजनेत, जंगलाकाठचे सुमारे ५ लाख लोक, बहुतेक चिनी, उचलून 'नव्या गावां'त टाकले. भोवती काटेरी तार, रात्री संचारबंदी, तांदूळ मोजून. त्यांचीही घरं आणि भाजीचे मळे एका दिवसात गेले. त्यातल्या कित्येक गावांत पुढच्या पिढीत सुतारकामाचे, प्लास्टिकचे, खाद्यपदार्थांचे कारखाने उभे राहिले. अन्याय हे कारण असेल तर ते दोन्हीकडे सारखं लावा.

आणि मळ्यात अडकल्यामुळे बचत जमत नव्हती असं सुचवायचं असेल, तर मलेशियन इंडियन काँग्रेसचे नेते संबंधन यांची राष्ट्रीय भूवित्त सहकारी संस्था कशी उभी राहिली? १९६० साली मळ्यातल्या मजुरांकडून महिन्याला मलायाचे १० डॉलर घेऊन. १९६१ ला केदाह राज्यातला बुकित सिदिम मळा त्याच पैशातून विकत घेतला. पैसे होते. संघटना उशिरा आली. चिन्यांकडे ती पहिल्या दिवसापासून होती: कुळाच्या संस्था, गावाच्या संस्था आणि त्यांची भिशी.

चीकवाटी
'बचतीची सवय' हे शब्द मळ्यातली मजुरी कशी ठरायची हे माहीत नसलेला माणूसच लिहू शकतो.

रबराच्या झाडाचा घेर ५० सेंटिमीटर झाला की चिकासाठी साल कापायला घेतात, म्हणजे लावणीनंतर पाच ते सात वर्षांनी. काप खोडाच्या अर्ध्या घेरावर, डावीकडून उजवीकडे उतरता, साधारण ३० अंशांत. दर वेळी साल दीड मिलिमीटरच तासायची. पातं आत गाभ्याजवळच्या जिवंत थराला लागलं की तिथे गाठ येते आणि नव्या सालीवर पुन्हा काप घेता येत नाही. झाड एक दिवसाआड. म्हणून एका माणसाकडे दोन पट्टे, एकेका पट्ट्यात पाचशेच्या आसपास झाडं. उजाडायच्या आत निघावं लागतं, कारण झाडात पाण्याचा दाब पहाटे जास्त असतो आणि चीक जोरात वाहतो. ऊन चढलं की थांबतो. मग परत त्याच पाचशे वाट्या गोळा करत यायचं.

मजुरी वजनावर, तीही चिकाच्या नाही, त्यातल्या सुक्या रबराच्या. चिकात रबर साधारण ३० ते ४० टक्के. मोजणारा कारकून, मोजपट्टी कारकुनाची. वर बाजारभावाप्रमाणे सेंट वरखाली. पहाटे पाऊस झाला तर साल ओली, चीक पन्हळीतून न जाता खोडावर पसरतो, वाटीत पाणी. त्या दिवशी काम नाही आणि पैसेही नाहीत. फेब्रुवारी-मार्चात पानगळ झाली की महिनाभर उतारा निम्म्यावर. मासिक पगार द्या ही मळा कामगार संघटनेची मागणी दशकानुदशकं लोंबकळत राहिली ती यासाठीच.

ताडीचंही ऐका. ताडीचं दुकान मळ्यातच, परवाना सरकारी, चालवणारं व्यवस्थापन. १९४१ च्या, क्वालालंपूरजवळच्या क्लांगच्या संपात मजुरांच्या मागण्यांत होतं: चिनी मजुराइतकी मजुरी द्या, ताडीची दुकानं बंद करा, गोऱ्या साहेबासमोर सायकलवरून उतरायची सक्ती काढा. सैन्याने गोळ्या घातल्या. १९४७ ला केदाहमध्ये 'तोंडर पडै' या स्वयंसेवक दलाची पोरं ताडीच्या दुकानांपुढे उभी राहिली, तेव्हाही पोलिसच आले. ताडी सोडायला निघालेल्यांना अडवलं कोणी ते आधी सांगा.

पिनांगकर
भिशीचा विषय निघालाय तर नीट मांडूया, कारण सगळे 'चिन्यांची भिशी' म्हणतात आणि चालते कशी ते कोणी सांगत नाही.

ती लिलावाची भिशी. समजा २० जण, हप्ता १००. पहिला महिना भिशी चालवणाऱ्याचा, लिलाव नाही, तो १,९०० उचलतो. त्याबदल्यात कोणी बुडवलं तर त्याने भरायचं. दुसऱ्या महिन्यापासून चिठ्ठीवर बोली. कोणी १५ लिहिले आणि तीच सगळ्यात मोठी बोली ठरली, तर ज्यांनी अजून उचललेली नाही ते १८ जण ८५ देतात आणि चालवणारा पूर्ण १००. हातात १,६३०. पुढे हा माणूस उरलेले १८ महिने पूर्ण १०० भरतो. त्याने एकूण भरले १,९००, मिळाले १,६३०. तारण नाही, बँकेचा साहेब नाही, शिलाई मशीन किंवा दुकानाची पागडी त्याच आठवड्यात. शेवटपर्यंत थांबलेल्याला उलटं, बोली दर वेळी १५ च धरली तर १,६३० भरून १,९००.

ही यंत्रणा तमिळ मळ्यांतही होती, 'कुट्टू' नावाने. तेव्हा सवय नव्हती हा मुद्दा इथेच पडतो.

सरळरेघ
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? तीच भिशी दोघांकडे. एकाचं दुकान झालं, दुसऱ्याचं नाही.

पिनांगकर
नाही झालं. भिशी टिकते कधी? सगळ्यांची अडचण एकाच महिन्यात येत नाही तेव्हा. किंता खोऱ्यातल्या इपोह शहरात एका गल्लीतल्या भिशीत पत्र्याचं काम करणारा, कोंबड्या पाळणारी, वाणी, कथिलवाला असे निरनिराळे धंदे. कथिलाचा भाव पडला तरी कोंबड्या विकल्या जातात. मळ्याच्या चाळीत वीसच्या वीस एकाच मालकाच्या एकाच झाडांवर. आठवडाभर पाऊस लागला की वीस जणांचा हप्ता एकदमच अडतो. पानगळीच्या महिन्यात सगळ्यांनाच उचल हवी, बोली ३०-४० वर जाते, आणि पुढचे हप्ते तिथेच फुटतात. भिशी बुडते ती अशी. माणसं कमी प्रामाणिक होती म्हणून बुडत नाही.

हिशेबनीस
१९७१ च्या कुट्टू निधी बंदी कायद्याने हे सगळंच बेकायदा झालं, ते राहिलं. नाव काही असो, कुट्टू, चीट्टू, हुई, सगळं एकाच व्याख्येत.

सरळरेघ
बंदी दोघांवर होती. तुम्ही प्रत्येक कायदा फक्त भारतीयांवर पडल्यासारखा लिहिता, याचा राग येतो.

पिनांगकर
कायदा एक, परिणाम दोन. हुई, म्हणजे चिनी भिशी, बेकायदा झाली तरी चिनी दुकानदाराकडे मालाची उधारी होती. घाऊक व्यापारी माल साठ-नव्वद दिवसांच्या मुदतीवर देतो, त्याला वहीतली ओळख पुरते. मजुराला उधारीवर देणार काय? तो माल विकत नाही, अंग विकतो. कुट्टू गेली की उरला सावकार. आणि हो, त्या सावकारांत आपले चेट्टियारही होते, हे मी स्वतःहून सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच.

सरळरेघ
सांगणारच होतो. एकाच पिकावरच्या वीस जणांची भिशी कच्ची, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तेवढा मान्य. पण चेट्टियार, सिलोनचे तमिळ कारकून, मल्याळी किराणी (मळ्याचे कारकून), शीख पोलीस हे सगळे तुमच्या 'भारतीय' सरासरीतच आहेत. हिशेबनिसांनी ८,२१६ सांगितले, मध्यक (सगळ्या घरांत बरोबर मधल्या घराचं उत्पन्न) सांगितला नाही. भारतीय मध्यक ५,९८१. वकील-डॉक्टरांनी वर ओढलेली सरासरी दाखवून मळ्यातला माणूस जवळ आला म्हणता, हे बरोबर नाही.

हिशेबनीस
आक्षेप योग्य आहे, मध्यक मीच द्यायला हवा होता. मात्र चिनी मध्यकही द्या, ७,३९१. तिथे १०० ला ८१ येतात, चित्र फारसं पालटत नाही. सरासरी मध्यकाच्या ३७ टक्के वर भारतीयांत, ३४ टक्के वर चिन्यांत. वरची मंडळी दोन्हीकडे आहेत.

तिसरी घंटा
तुम्ही सगळे पैशात अडकलात, शाळेबद्दल एक शब्द नाही. १९२३ च्या कामगार संहितेत ७ ते १४ वयाची १० मुलं असली की मळेवाल्याने शाळा काढायची असं होतं. काढली कशी? एक खोली, सगळे वर्ग त्यातच, शिकवायला कारकून नाहीतर कंगाणी. स्वातंत्र्याच्या वेळी आठशेच्या वर तमिळ शाळा होत्या, आज सव्वापाचशेच्या आसपास. जागा मळ्याची, म्हणून शाळा 'अंशतः अनुदानित'. शिक्षकाचा पगार सरकारचा, पण छत गळलं, संडास तुंबला, तर शाळेच्या मंडळाने बघायचं. चिनी शाळांतही हाच प्रकार, फरक एवढाच की तिथल्या मंडळावर गावातले व्यापारी. तमिळ शाळेच्या मंडळावर तेच मजूर, ज्यांचा पाऊस पडला की रोज बुडतो.

आणि मळा विकला गेला, लोक शहरात गेले, की शाळा तिथेच तेलताडांच्या मधोमध राहते. वीस मुलं, सहा वर्ग. शहरात, जिथे मुलं गेली, तिथे नवीन परवाना मिळता मिळत नाही.

सरळरेघ
चिन्यांनी स्वतःच्या खर्चाने साठेक स्वतंत्र माध्यमिक शाळा चालवल्या, १९७५ पासून स्वतःची परीक्षा घेतली, सरकारी विद्यापीठं ती मानत नसताना. तमिळ समाजाने एकही माध्यमिक शाळा का उभी केली नाही?

तिसरी घंटा
कशाच्या जोरावर करायची? माध्यमिक शाळेला प्रयोगशाळा लागते, विषयवार शिक्षक लागतात, वर्षानुवर्षं तूट भरणारा कोणीतरी लागतो. साखर आणि रबराच्या व्यापाऱ्यांनी चिनी शाळांची तूट भरली. तमिळ मूल सहावीनंतर थेट मलय माध्यमात. मलयमध्ये कच्चं असेल तर आधी एक वर्ष 'पेरालिहान'च्या वर्गात, म्हणजे बरोबरीचे पुढे गेलेले आणि हा एक वर्ष मागे. गळती तिथे होते. पुढे मॅट्रिक्युलेशन, म्हणजे विद्यापीठाआधीचा सरकारी अभ्यासक्रम, एका वर्षाचं, त्यातल्या ९० टक्के जागा भूमिपुत्रांना. बाकीच्यांनी विद्यापीठ-प्रवेशासाठी दीड वर्षाचं एसटीपीएम करायचं. २०१२ ला भारतीयांसाठी १,५०० जागा काढल्या तेव्हा कुठे दार उघडलं.

सरळरेघ
पेरालिहान चिनी मुलांनाही होतं. हे पुन्हा पुन्हा मलाच सांगावं लागतंय.

चीकवाटी
होतं. त्या वर्षी चिनी मुलाचं घर जात नव्हतं, एवढंच.

कारण मळे विकले गेले ते याच काळात. रबर काढून तेलताड लावला, त्याला माणसं कमी लागतात. क्लांग खोऱ्यात तर थेट घरबांधणी झाली. माणसाला काय मिळालं ते मोजूया. १९८० च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांवर नोकरी असेल तर वर्षाला २० दिवसांची मजुरी. २५ वर्षं कापणारा असेल तर ५०० दिवसांची. आता 'दिवसाची मजुरी' काढायची कशावरून? आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून. मळा विकायचाय हे मालकाला दोन-तीन वर्षं आधी माहीत असतं. तो नवी लावण करत नाही, खत बंद, म्हाताऱ्या झाडांचा उतारा पडलेला. म्हणजे शेवटच्या बारा महिन्यांतली मजुरी पंचवीस वर्षांतली सगळ्यात कमी, आणि भरपाई तिच्यावर. खोली रिकामी करायची ती वेगळी. ५०० दिवसांची ती रक्कम घेऊन कुटुंब शहराकडेच्या झोपडीत जातं आणि भाडं सुरू होतं. नव्या गावातल्या चिनी माणसाकडे निदान तीस वर्षांच्या पट्ट्यावर तरी जागा होती. बँकेत गहाण टाकायला पट्टा लागतो.

सरळरेघ
पट्टे सगळ्यांना मिळाले नव्हते. कित्येक नव्या गावांत ते नूतनीकरणासाठी वर्षानुवर्षं अडकले. त्यावर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही.

चीकवाटी
अडकले, खरं आहे. अडकायला पट्टा तरी होता.